नाच म्हणजे फक्त स्टेप नव्हे; ग्वाल्हेरमधून जाणारा एक जुना धडा

ग्वाल्हेर : लष्कर भागातला नया बाजार घ्या किंवा आपल्याकडची कुठलीही बाजारपेठ घ्या, दुकानावरच्या माडीवर डान्स क्लासचा बोर्ड आता नवा राहिलेला नाही. स्नेहसंमेलन जवळ आलं की क्लासला गर्दी होते. ज्यांना चटकन जमतं ती मुलं पुढच्या ओळीत जातात, बाकीची मागे. मागच्या ओळीतलं एखादं पोर मग क्लास सोडतं आणि 'मला नाचता येत नाही' हे मनात कायमचं धरून बसतं. खरं तर त्याला कुणी शिकवलेलंच नसतं, फक्त बसवलेलं असतं.

नाच शिकवायची दुसरी रीत आहे का? आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

अल्मोडा ते ग्वाल्हेर

नर्तक उदयशंकर यांनी 1940 च्या सुमारास अल्मोड्याला एक केंद्र चालवलं. तिथे कथकली शिकवायला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिल्लै, मणिपुरीला अमुबी सिंग आणि संगीताला उस्ताद अलाउद्दीन खाँ असे गुरू होते. पुढे सिनेदिग्दर्शक म्हणून गाजलेले गुरुदत्त तिथलेच विद्यार्थी. एकाच मुलाने वेगवेगळ्या शैली शिकायच्या, शिवाय चालणं, बघणं आणि स्वतः सुचवणं याचाही सराव करायचा, अशी तिथली पद्धत होती. पैशांअभावी 1944 साली केंद्र बंद पडलं.

तिथे काम केलेले शांती बर्धन यांनी 1952 मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभा केला. त्यांच्या 'रामायण'मध्ये माणसं कठपुतळ्यांसारखी नाचत. क्षयाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी हे काम केलं. पुढचं 'पंचतंत्र' पुरं होण्याआधीच, 1954 साली ते गेले. पण काम थांबलं नाही. सहकाऱ्यांनी ते पूर्ण केलं आणि पत्नी गुल बर्धन यांनी संस्था सांभाळली. साठच्या दशकात हा संच ग्वाल्हेरला आला, नंतर भोपाळला गेला. गुल बर्धन यांना 2010 मध्ये पद्मश्री मिळाली.

पहिली गोष्ट : स्वतःची ओळख

कठपुतळीसारखं नाचायचं तर कुठला सांधा कधी हलतो हे आधी स्वतःला कळावं लागतं. कथकच्या वर्गात तत्कार सुरू झाला की डावा पाय कच्चा आहे की उजवा, हे मुलाला आपोआप समजतं. पढंत करताना तोंडाने बोल आणि हाताने ताल, म्हणजे कान, जीभ आणि हात एकदम जागे. आरशात बघून केलेली नक्कल आरसा काढला की अडते. म्हणून काही वेळ आरशाकडे पाठ करून सराव करावा. वजन कुठल्या पायावर आहे, श्वास कुठे अडकतो, हे मुलाला विचारावं.

दुसरी : सोबत

शिमग्यातला गोफ ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. वर एकत्र बांधलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकमेकांच्या आतबाहेर फिरतात आणि दोऱ्यांची वेणी पडते. मग उलट पावलांनी तीच वेणी उलगडायची. एकाचं पाऊल चुकलं की सगळा गुंता. इथे पुढची ओळ, मागची ओळ असा भेद चालतच नाही. लेझमीचंही तसंच. एकाचा ठोका मागे पडला तर सगळ्या रांगेचा आवाज फाटतो. कच्च्या गड्याला सांभाळून घेणं हा तिथे उपकार नसतो, ती गरज असते.

तिसरी : दुसऱ्याच्या नाचाचा मान

तंजावरला सरफोजी राजे दुसरे (1798 ते 1832) यांच्या मराठी दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार तमिळ भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या मांडणीची घडी बसवली. म्हणजे 'हा नाच आपला, तो त्यांचा' असं म्हणण्याआधी थोडं थांबावं. आणि हा नाच पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी अंगावर वागवला त्या देवदासी घराण्यांतल्या बायकांना समाजाने हिणवलंच. लावणीचंही वेगळं नाही. गॅदरिंगला नऊवारी नेसवून लावणी बसवायची, टाळ्या घ्यायच्या, आणि ती जगवणाऱ्या फडावरच्या बाईचं नाव काढलं की नाक मुरडायचं, हे मुलं बघत असतात. कुठलाही नाच शिकवताना तो कुणाचा, कुठून आला, हे दोन वाक्यांत तरी सांगावं. मुलगा कथक शिकतो म्हणून त्याला चिडवलं तर वर्ग तिथेच थांबवून बोलावं. ज्याला पाय साथ देत नाही त्याला हाताचं, नजरेचं काम द्यावं. अभिनय बसूनही होतो.

पालकांनी काय विचारावं?

फी विचारताना आणखी तीन प्रश्न विचारता येतील. ओळी बदलता का? मुलांना स्वतः काही रचायला देता का? चुकलेल्याला सगळ्यांसमोर काय बोलता? उत्तरं गोलमोल आली तर एक दिवस वर्ग बघायला मागावं. बघताना पुढच्या ओळीकडे नको, मागच्या ओळीकडे बघावं. क्लास कसा आहे ते तिथे कळतं.