मुलांना घेऊन दिल्लीला निघालात?

आमच्या दिल्लीच्या सहलीचे फोटो कुणी पाहायला मागितले की मी पहिल्या दिवसाचे फोटो घाईघाईने पुढे सरकवते. कुतुबमिनारसमोर माझी चार वर्षांची ओवी रडते आहे. कमळ मंदिरासमोर तिचा दादा चिनू पाठ फिरवून उभा आहे. इंडिया गेटच्या फोटोत सासूबाईच नाहीत, कारण गुडघे दुखू लागल्यामुळे त्या बसमधून उतरल्याच नाहीत. दोन दिवसांनंतरच्या फोटोंमध्ये मात्र हीच माणसे हसताना दिसतात. शहर तेच, हवाही तीच होती. मधल्या काळात लाल किल्ल्यात पंचवीस मिनिटे अशी गेली की ती मी जन्मभर विसरणार नाही.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. मुलांच्या सुट्ट्या आणि दिल्लीची हवा यांचे सहसा जमत नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिथे धुराने डोळे चुरचुरतात. नाताळात धुके एवढे दाट असते की गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको, पारा ४५ अंशांपर्यंत जातो. चिनू दुसरीत होता. एक आठवडा शाळा बुडाली तर आभाळ कोसळणार नाही, असे ठरवून आम्ही फेब्रुवारीतला आठवडा निवडला. मूल अजून बालवाडीत असेल तर फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला पंधरवडा डोळे झाकून निवडावा.

पाच वर्षांखालील मुलांना रेल्वेत तिकीट लागत नाही, पण त्यांना स्वतंत्र बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे द्यावे लागते. चिनूचे पूर्ण तिकीट काढताना यांनी थोडी कुरकुर केली. पण पुण्याहून दिल्ली म्हणजे एक अख्खा दिवस आणि एक रात्र. तेवढा वेळ साडेसात वर्षांचा मुलगा मांडीवर घेऊन बसून पाहावे, म्हणजे कुरकुर आपोआप थांबते.

एका दिवसात नऊ ठिकाणे

शनिवारी पोहोचलो आणि रविवारी सकाळीच दिल्ली दर्शनाच्या बसमध्ये बसलो. छापील पत्रकावर नऊ ठिकाणे होती. आम्हा दोघांना तो फायद्याचा सौदा वाटला. एवढ्या लांब आलो आहोत, तर काही पाहायचे राहायला नको, हा मध्यमवर्गीय हिशेब. पंगतीत पैसे भरले आहेत म्हणून पोट भरल्यावरही जेवत राहावे, तसाच प्रकार.

कुतुबमिनारची सासूबाईंना विशेष ओढ होती. लग्नानंतर, १९७४ साली, त्या सासऱ्यांबरोबर दिल्लीला आल्या होत्या आणि मिनारच्या पहिल्या सज्जापर्यंत चढल्या होत्या. ती हकिगत नातवंडांनी शंभरदा ऐकली होती. त्यामुळे मिनार दिसताच चिनूने विचारले, "आजी, जिना कुठे आहे? आपण वर जाऊ या."

दार बंद होते. ते कधीपासून बंद आहे, हे सासूबाईंनी त्याला सांगितले नाही. मला मात्र रात्री सांगितले. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतल्या अंधाऱ्या जिन्यावरचे दिवे गेले, गर्दी घाबरून खाली धावत सुटली आणि चेंगराचेंगरीत ४५ जण दगावले. त्यांत बहुतेक शाळेच्या सहलीला आलेली मुले होती. तेव्हापासून आत कुणाला सोडत नाहीत. चिनूला शेवटी लोहस्तंभाकडे नेले. सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असूनही हा लोखंडी खांब गंजून गेलेला नाही, हे ऐकून त्याचे डोळे मोठे झाले. पूर्वी लोक त्याला पाठ टेकून मागे हातांची मिठी मारायचा प्रयत्न करीत. ती जमली की मनातली इच्छा पुरी होते म्हणे. आता भोवती कुंपण आहे. चिनू तिथे आणखी उभा राहिला असता, पण बसचा भोंगा वाजला.

कमळ मंदिरात शांतता पाळायची असते. चार वर्षांच्या मुलीला संगमरवराच्या २७ पाकळ्यांचे कौतुक किती असणार? "आई, इथे बोलायचं का नाही?" हे वाक्य तिने आत जाऊन तीन वेळा मोठ्याने विचारले. आम्ही बाहेर आलो.

जेवणानंतर लाल किल्ला. "चालीस मिनिट," मार्गदर्शकाने बजावले, "साढ़े तीन बजे बस छूटेगी." रविवारची गर्दी होती. लाहोरी दरवाजातून आत गेले की छत्ता चौक हा छप्पर असलेला बाजार लागतो. दोन्ही बाजूंना बांगड्या, पितळी वस्तू, खेळण्यातल्या तलवारी. जाताना आम्ही तो धावतच पार केला. दिवाण-ए-आमपर्यंत पोहोचलो आणि घड्याळ पाहून परत फिरलो. ओवी माझ्या कडेवर झोपलेली, हे पुढे बस थांबवायला निघालेले. चिनू यांच्याबरोबर आहे असे मला वाटले. यांना वाटले, तो आजीचा हात धरून आहे. आणि मागून हळूहळू येणाऱ्या सासूबाईंना वाटले, तो आईबरोबर पुढे गेला.

बसजवळ आम्ही तिघे मोठे भेटलो, तेव्हा चिनू कुणाकडेच नव्हता.

मी परत दरवाजाकडे धावले. पहाऱ्यावरच्या जवानाने शांतपणे विचारले, "बच्चे ने किस रंग की कमीज़ पहनी है?" मला आठवेना. सकाळी मीच त्याला कपडे घातले होते, बटणे मीच लावली होती, आणि मला शर्टाचा रंग आठवत नव्हता. निळा म्हणाले, मग हिरवा म्हणाले. त्या क्षणाची लाज अजूनही जात नाही.

जवानाने आणखी दोघांना सांगितले. पंचवीस मिनिटांनी चिनू छत्ता चौकातच सापडला. तलवारींच्या दुकानात, दुकानदाराच्या स्टुलावर बसून तो बिस्कीट खात होता. तो तलवार पाहायला थांबला होता. वळून पाहिले तर आम्ही नव्हतो. दुकानदाराने त्याला हलू दिले नाही. "माँ यहीं आएगी," असे तो सारखे सांगत राहिला. शर्ट पिवळा होता.

बस निघून गेली होती. राजघाट राहिला. रिक्षातून परतताना कुणी कुणाशी बोलले नाही. खोलीवर मात्र आमची जुंपली. "तो तुमच्याकडे होता!" "मी तर बस थांबवायला गेलो होतो, तुला दिसलं नाही?" मुले झोपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चूक तिघांचीही आहे. आता ते पत्रक फेकून द्या. रोज एकच जागा पाहायची. दुपारी खोलीवर यायचं. मला नाही एवढं झेपत, आणि ती दोघं तर माझ्याहून लहान आहेत."

दुसऱ्या सकाळपासून

दुसऱ्या दिवसापासून आम्ही काही सवयी लावून घेतल्या, त्या आजही गर्दीत कुठेही गेलो तरी पाळतो. खोलीतून निघण्यापूर्वी दोन्ही मुलांचा मोबाईलवर एक पूर्ण फोटो काढायचा. त्या दिवशीचे कपडे, बूट, टोपी सगळे त्यात आले पाहिजे. खिशात नाव, आमचे दोन फोन नंबर आणि उतरलो आहोत त्या जागेचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूल एकाकडून दुसऱ्याकडे देताना तोंडाने बोलायचे: "चिनू आता तुमच्याकडे." समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. सुरुवातीला हसू आले, मग सवय झाली. मुलांनाही एवढेच शिकवले की चुकलात तर शोधायला निघू नका, आहात तिथेच थांबा आणि दुकानदाराला किंवा पोलिसाला सांगा. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, मुलांसाठीचा १०९८ हाही लक्षात ठेवावा.

दुसरा दिवस सोमवार होता, आणि सोमवारी दिल्लीतले निम्मे दरवाजे बंद असतात. लाल किल्ला, रेल्वे संग्रहालय, बाहुल्यांचे संग्रहालय, कमळ मंदिर, सारेच बंद. त्या दिवशी कुतुबमिनार, हुमायूनची कबर किंवा जंतरमंतर ठेवावे. पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. आम्ही जंतरमंतर निवडले. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी १७२४ मध्ये बांधलेली ही वेधशाळा मुलांना घसरगुंडीच वाटते. यंत्रांवर चढायला मनाई आहे, पण सावली सरकताना पाहायला मनाई नाही. चिनूने सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवला आणि दहा मिनिटांनी "पळाली, पळाली!" म्हणून ओरडला.

मुलांचा सर्वांत आनंदाचा दिवस मंगळवारचा ठरला. चाणक्यपुरीतले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले. तिथे मोकळ्या जागेत खरीखुरी जुनी इंजिने उभी आहेत आणि छोटी आगगाडी साऱ्या आवाराला फेरी मारते. आम्ही दोन फेऱ्या मारल्या. चिनू मात्र पतियाळा संस्थानच्या मोनोरेलपासून हलेना. १९०७ साली जर्मनीत बनलेल्या या इंजिनाचा बहुतेक भार एकाच रुळावर असे आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठे चाक रस्त्यावरून धावे. "म्हणजे सायकलला छोटं चाक लावतात तसं," तो म्हणाला. ओवी अजून तशाच सायकलवर बसते.

बुधवारी बाहुल्या पाहिल्या. बहादूरशाह जफर मार्गावरचे हे संग्रहालय व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभे केले. सुमारे ८५ देशांतल्या ६,०००हून अधिक बाहुल्या काचेमागे आहेत. हात लावता येत नाही, हे ओवीला पहिल्या पाच मिनिटांत पटवावे लागले. मग ती नथ घातलेली बाहुली शोधत सुटली आणि दीड तास कुणाच्या कडेवर बसली नाही.

प्राणिसंग्रहालय गुरुवारी ठेवले, कारण ते शुक्रवारी बंद असते. ते फार मोठे आहे, १७६ एकर. सगळे पाहायचा हट्ट करू नये. वाघ, हत्ती आणि मुलांना हवा तो एखादा प्राणी पाहावा आणि परत फिरावे. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून नाश्ता भरपेट करूनच जावे. बाजूलाच पुराना किल्ला आहे आणि राष्ट्रीय विज्ञान केंद्रही जवळच. तिन्ही एकाच दिवशी उरकू असा मोह होतो. यांनाही झाला. सासूबाईंनी नुसते पाहिले.

मेट्रो हेही मुलांसाठी एक प्रेक्षणीय स्थळच. २००२ मध्ये सुरू झालेली ही गाडी आता जवळपास सगळीकडे पोहोचते. तीन फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही. दाराजवळच्या फुटपट्टीसारख्या ओवीच्या मापामापीत आमचा वेळ गेला, तिची उंची चार बोटे जास्त निघाली! पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. बरोबर बाबा असतील तर तुम्ही वेगवेगळ्या डब्यांत जाल, हे ध्यानात ठेवावे. राजीव चौक स्थानकात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मुलांना घेऊन गाडी बदलायचे धाडस करू नये.

खाण्याचे म्हणाल तर दिल्लीत मुलांचे हाल होत नाहीत. गरम भात आणि दही कुठेही मिळते. मी घरून मेतकुटाची पुडी नेली होती. रात्री मसालेदार भाज्यांना नाके मुरडणाऱ्या ओवीने पाचही दिवस मेतकूट-भात खाल्ला. यांनी आणि चिनूने पराठ्यांवर ताव मारला. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पराठ्यावरच्या लोण्याकडे पाहून कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागवला.

पुन्हा लाल किल्ला

शुक्रवारी रात्रीची परतीची गाडी होती. सकाळ मोकळी होती. हे हुमायूनच्या कबरीचे नाव काढत होते, पण चिनू म्हणाला, "मला किल्ला नीट बघायचाय." मला नको होते. पोटात अजून गोळा येत होता. शेवटी गेलो. या वेळी उघडल्या उघडल्या, गर्दी व्हायच्या आत.

छत्ता चौकात तो दुकानदार शटर वर करीत होता. त्याने चिनूला लगेच ओळखले. आम्ही लाकडी तलवार विकत घेतली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता, पण यांनी ते गल्ल्यावर ठेवलेच.

मग दिवाण-ए-खासपर्यंत सावकाश चाललो. सासूबाई दोनदा बसल्या, आम्हीही बसलो. शहाजहानने १६४८ मध्ये किल्ला पुरा केला तेव्हा या दालनाच्या छताला चांदी होती, हे आजींनी नातवाला सांगितले.

"मग कुठे गेली?"

"भाऊसाहेबांनी काढली. पानिपतावर जाण्याआधी, १७६० साली. सैन्याचा पगार द्यायला पैसे नव्हते. चांदी वितळवून रुपये पाडले."

"म्हणजे आपल्या लोकांनी?"

"हो, आपल्याच."

चिनूने मान वर करून ते छत बराच वेळ पाहिले. तलवार त्याच्या एका हातात होती, दुसऱ्या हाताने त्याने आजीचे बोट धरले होते. मग त्याने विचारले, "आणि मग परत नाही लावून दिली?"

सासूबाई म्हणाल्या, "ते परतच आले नाहीत रे." पुढे पानिपताची गोष्ट सुरू झाली. ती निझामुद्दीन स्टेशनावर गाडीत बसेपर्यंत संपली नव्हती.