अम्हारी लेबल : टाइप आणि छपाई

इथिओपियाला चादरी, शाली पाठवणाऱ्या बांधवांपुढे एक अडचण हमखास येते. गिऱ्हाईक लेबलचा मजकूर अम्हारीत मागते. संगणकावर तो ठीक दिसतो, पण छापखान्यातून येतात रिकाम्या चौकटी! आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला अशी सगळी लेबले उसवावी लागली. खर्च कोणी भरून देत नाही.

ही लिपी डावीकडून उजवीकडे लिहितात. घडण आपल्या बाराखडीसारखी : ३३ मूळ अक्षरे, प्रत्येकाची सात रूपे, म्हणजे २३१. उर्दू नस्तालिकमध्ये अक्षर शेजारी पाहून रूप बदलते, तसा प्रकार इथे नाही. १९९९ साली युनिकोडने प्रत्येक रूपाला स्वतंत्र क्रमांक दिला, त्यामुळे साध्या एडिटरवरही काम भागते.

आम्ही ईमॅक्स वापरतो. तो फुकट मिळतो. त्यात कंट्रोल-एक्स, रिटर्न आणि मग कंट्रोल-बॅकस्लॅश दाबावे व 'इथिओपिक' हे नाव रोमन अक्षरांत लिहावे. पुढे नुसत्या कंट्रोल-बॅकस्लॅशने लिपी चालू-बंद होते. एल आणि यू दाबले की 'लु', एल आणि आय दाबले की 'ली'. नुसता एल म्हणजे स्वराविना 'ल'. लहान टी आणि मोठा टी ही दोन निराळी अक्षरे आहेत, तिथे गफलत झाली की शब्दच बदलतो. वाक्य संपल्यावर कोलन दोनदा दाबावा, चार ठिपक्यांचा पूर्णविराम उमटतो. फाईल यूटीएफ-८ मध्येच ठेवावी.

खरी गोम छपाईत आहे. ईमॅक्सची पोस्टस्क्रिप्ट छपाई मुळात रोमन लिपीपुरतीच असते. 'पीएस-मल्टीबाइट-बफर' या सेटिंगला 'बीडीएफ-फॉन्ट' ही किंमत द्यावी लागते, बीडीएफ फॉन्ट वेगळे बसवून त्यांच्या फोल्डरचा पत्ता सांगावा लागतो. एवढा खटाटोप दुकानदाराने कशाला करावा? फाईल लिबरऑफिसमध्ये उघडा, अ‍ॅबिसिनिका किंवा नोटो सॅन्स इथिओपिक फॉन्ट लावा आणि पीडीएफ काढा. त्यात फॉन्ट सोबतच जातो, छापखान्यात तो नसला तरी बिघडत नाही. छापखान्याला नुसती टेक्स्ट फाईल कधीच देऊ नये.

पहिला नमुना गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यावा. विणलेल्या लेबलात अक्षर फार बारीक ठेवू नये. दोन रूपांतला फरक कधी एका छोट्या शेपटीचा असतो, ती धाग्याच्या जाडीत बुजून जाते.