भांगेची शेती : परवान्याआधी बियाणे

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्या दोन एकर जमिनीत गांजा लावण्याची परवानगी मागणारा अर्ज प्रशासनाकडे केला. कोणत्याही पिकाला हमखास भाव मिळत नाही, गांजाला मात्र बाजारात चांगली किंमत आहे, असे त्याचे म्हणणे होते. मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे गृहीत धरू, असेही त्याने कळविले होते. पोलिसांच्या लेखी हा प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप होता. तथापि, अर्जामागचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तराखंडने २०१८ मध्ये याच वनस्पतीच्या औद्योगिक लागवडीला वाट करून दिली. मग महाराष्ट्रात अडचण कोणती? याचे उत्तर कायद्यात आहेच, पण त्याहून अधिक ते बियाण्यात आहे.

प्रथम कायदा. अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) १९८५ मध्ये आला. त्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बी या व्याख्येबाहेर आहेत. म्हणूनच भांगेचा विषय राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे राहिला. विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र याच कायद्याच्या चौदाव्या कलमात धागा, बी किंवा बागायती कारणांसाठी लागवडीची मुभा देण्याची तरतूद आहे. उत्तराखंडची वाट याच तरतुदीतून गेली. त्या राज्याची मुख्य अट अशी, की पिकातील टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये.

सारी गुंतागुंत या ०.३ टक्क्यांपाशी सुरू होते. हा आकडा निसर्गाने आखलेला नाही. कॅनडातील वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी तो सुचविला आणि पुढे अनेक देशांच्या कायद्यांनी तो उचलला. युरोपात या मर्यादेत बसणारे धाग्याचे वाण अनेक पिढ्यांच्या निवडीतून तयार झाले आहेत. मग तेच बियाणे आणून का पेरू नये?

दिवस किती मोठा?

युरोपातील थंड, दमट हवा धाग्याच्या पिकाला मानवते. दाट पेरणीत झाडे सरळ उंच वाढतात आणि कापणीनंतर शेतात पसरलेली ताटे दवावर हळूहळू कुजून साल सुटी होते. आपल्याकडे अंबाडी किंवा ताग पाण्यात कुजवतात, त्यातलाच हा प्रकार. हीच दमट हवा फुलोऱ्यासाठी व बियांसाठी मात्र घातक ठरते. दाट शेंड्यांत ओल अडकते आणि करडी बुरशी धरते.

थंडावा आणि ओल तर आपल्या महाबळेश्वरलाही आहे. पण हे झाड हवेइतकेच दिवसाच्या लांबीकडेही पाहते. बहुतेक युरोपीय वाणांना दिवस साधारणपणे चौदा तासांच्या खाली उतरला, की फुलोरा येतो. पॅरिसला जूनमधला दिवस सोळा तासांहून मोठा असतो, त्यामुळे झाडाला वाढायला अवधी मिळतो. अल्मोड्यात तो जेमतेम चौदा तासांचा, तर मुंबईत व महाबळेश्वरात तेरा तासांच्या थोडा पुढे. अशा ठिकाणी युरोपीय बी पेरले, तर झाड गुडघ्या-कमरेएवढे असतानाच फुलावर येण्याचा धोका असतो. मग धागाही नाही आणि बीही पुरेसे नाही.

उलट, हिमालयाच्या पायथ्याशी आपोआप उगवणारी भांग तिथल्या दिवसमानाला व पावसाला सरावलेली आहे; परंतु तिच्यात टीएचसीचे प्रमाण पुष्कळदा मर्यादेबाहेर जाते. हवामानामुळे हे प्रमाण थोडेफार वरखाली होते, पण मूळ गुण ठरतो तो बियाण्यातच. कायद्यात बसणारे बियाणे स्थानिक नाही आणि स्थानिक बियाणे कायद्यात बसत नाही, अशा कात्रीत उत्तराखंडचा शेतकरी सापडला.

संकराची वाट

दोहोंचा संकर करणे, हा यावरचा सरळ उपाय वाटतो. पण तो एका हंगामाचा खेळ नाही. मादक टीएचसी आणि अमादक सीबीडी ही दोन्ही द्रव्ये झाडात एकाच मूळ द्रव्यापासून बनतात. कोणते किती बनणार, हे आनुवंशिक गुणावर ठरते. मादक आणि धाग्याच्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत बहुधा दोन्ही द्रव्ये लक्षणीय प्रमाणात येतात. म्हणजे ०.३ टक्क्यांची मर्यादा पुन्हा ओलांडली जाते. पुढे प्रत्येक पिढीत झाडांची तपासणी करून निवड करावी लागते. त्यातच परागकण वाऱ्यावर काही किलोमीटर जातात, त्यामुळे शेजारच्या रानभांगेने सारी मेहनत वाया जाऊ शकते. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नव्हे, संशोधन संस्थांचे आहे. हिमाचल प्रदेश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीचा प्रायोगिक अभ्यास पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांकडे सोपविला, तो यामुळेच.

मागणी नाही, असेही नाही. मुंबईत २०१३ मध्ये बॉम्बे हेम्प कंपनी सुरू झाली, ती भांगेच्या धाग्याचे व बियांचे उपयोग डोळ्यांसमोर ठेवूनच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेचे बी, त्याचे तेल व पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. मात्र धाग्याच्या किंवा बियांच्या पिकाला गांजाचा भाव मिळत नाही, हे मोहोळच्या अर्जासारखा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यायला हवे. चोरट्या बाजारातील किंमत ही मालापेक्षा जोखमीची असते.

महाराष्ट्राला हे पीक अपरिचित नाही. हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९३-९४ मध्ये देशभर चौकशी केली, तेव्हा मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जात होता. आज त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. धाग्याच्या भांगेचा विचार राज्याने कधी गांभीर्याने करायचे ठरविले, तर सुरुवात परवान्यांच्या घोषणेने न करता अशा विद्यापीठाच्या कुंपणातील प्रयोगशेतावर, आपल्या तेरा तासांच्या दिवसात मर्यादेच्या आत राहणारे बी शोधण्यापासून करावी लागेल. ते हाती नसताना दिलेला परवाना शेतकऱ्याला उत्पन्नाऐवजी खटलाच मिळवून देईल.