पाठवलेल्या मेलची स्थळप्रत

सरकारी पत्रव्यवहारात 'स्थळप्रत' हा शब्द रोजचा. पत्र बाहेर जातं, त्याची एक प्रत कार्यालयातच राहते. आज कुणी सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी मेल पाठवला, तर त्याची स्थळप्रत कुठे राहते?

'सेंट'मध्ये. पण एसएमटीपी ही 1982 साली जॉन पोस्टेल यांनी मांडलेली पद्धत मेल फक्त पुढे पोचवते; प्रत जपण्याचं काम मेलसेवा किंवा अॅप वेगळं करतं. खातं गेलं की ती प्रतही जाऊ शकते.

म्हणून महत्त्वाच्या मेलची नक्कल आपल्या टिपणांतही हवी. ईमॅक्स या मजकूर-संपादकात मेलच्या शीर्षभागात 'एफसीसी' आणि फाइलचं नाव लिहिलं, की पाठवतानाच प्रत त्या फाइलमध्ये जाते. साधं नोटपॅडही चालतं, मात्र तिथे एक गंमत आहे. डाउनलोड केलेला मराठी मेल त्यात उघडला, तर 'नमस्कार'च्या जागी बऱ्याचदा 28 रोमन अक्षर-अंक-चिन्हांची रांग दिसते! मेल बिघडलेला नसतो. 'नमस्कार'मध्ये संगणकाच्या हिशेबानं 7 चिन्हं. युटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी 3, म्हणजे 21 बाइट. जुन्या यंत्रणांतूनही मजकूर सुखरूप जावा म्हणून बेस-64 ही पद्धत दर 3 बाइटची 4 अक्षरं करते; म्हणून 21 ची 28.

तेव्हा मजकूर पडद्यावरूनच कॉपी करावा आणि फाइल युटीएफ-8 मध्ये सेव्ह करावी. वर तारीख, वेळ, कुणाला आणि विषय एवढं जरूर लिहा. पुढच्या अर्जात संदर्भ म्हणून तेच मागितलं जातं.