शोधात वर येणारा मजकूर

देवगडच्या एखाद्या बागायतदाराने वेबसाइट काढली आणि पहिल्याच पानावर ‘हापूस आंबा’ हे शब्द ठासून भरले, तर ती गूगलवर वर येईल, हा समज सोडलेला बरा. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘पांडा’ बदलापासून पोकळ आणि इकडून तिकडून उचललेला मजकूर मागे पडू लागला. कोडमध्ये लपवलेली कीवर्डची यादी तर क्रम लावताना आपण विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

मग लिहायचं काय? गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, तेच. पेटीत किती डझन बसतात, आंबे पिकवायला आढी कशी लावायची, साका निघाला तर बदलून देता का. साका म्हणजे वरून सुरेख दिसणाऱ्या फळातला पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. कापल्याशिवाय तो कळत नाही. हे प्रामाणिकपणे सांगणारं पान मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाचं वाटतं.

पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’ नको. ‘देवगड हापूसची आढी घरी कशी लावावी’ असं द्या. शोधाच्या निकालात बहुधा तीच ओळ दिसते. फोटोंनाही वर्णन हवं. आणि हंगामात भाव उतरला की पानावरचा आकडा त्याच दिवशी बदला.