फॉलोअर्स लाखांत होते, फोन कुणी लावले?

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पाण्याखाली गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्राला ऑक्सिजन पुरेना. या दोन संकटांच्या मधल्या काळात आपल्याला एक सवय लागली. आधी सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा, तो एंगेज लागला की ट्विटरवर लिहायचं आणि ज्याच्यामागे लाखभर माणसं आहेत अशा कुणाला तरी टॅग करायचं. नट, क्रिकेटपटू, पत्रकार, विनोदी रील करणारी मुलगी, कुणीही चालायचं. त्या धावपळीत याचा हिशेब मांडायला कुणाला सवड नव्हती. आता तो मांडायला हरकत नाही.

सुरुवात चेन्नईची. अड्यार नदी फुगली, विमानतळ बंद पडला, भागच्या भाग अंधारात गेले. अभिनेता सिद्धार्थ आणि रेडिओ निवेदक आर. जे. बालाजी यांनी आपापल्या ट्विटर खात्यांचा जणू नियंत्रण कक्षच करून टाकला. बोट कुठे हवी, दूध कुठे संपलं, गाडी कुणाकडे रिकामी आहे, हे सगळं तिथे येऊ लागलं, आणि ते दोघं स्वतः रस्त्यावरही उतरले. त्याच वेळी दूरदूरच्या शहरांत बसलेली, कुणाच्याही ओळखीची नसलेली मुलं गूगलच्या एका तक्त्यात पत्ते, फोन नंबर आणि राहायची सोय असलेली घरं भरत होती. नाव झालं नटाचं. काम मात्र त्या तक्त्यामुळे मार्गी लागलं.

मुंबईने २९ ऑगस्ट २०१७ ला याची छोटी आवृत्ती पाहिली. सांताक्रूझला दिवसभरात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि 'रेनहोस्ट्स' या हॅशटॅगखाली अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरी बोलावलं. गणपतीचे दिवस असल्याने मंडळंही मदतीला आली. पण तो एका रात्रीचा प्रश्न होता. पाणी ओसरलं, लोकल सुरू झाल्या, विषय मिटला.

खरी झेप घेतली ती ऑगस्ट २०१८ मध्ये केरळने. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी राज्याच्या आयटी मिशनला सोबत घेऊन 'केरळ रेस्क्यू' नावाचं संकेतस्थळ उभं केलं. अडकलेल्या माणसाने, किंवा दुबईत बसलेल्या त्याच्या मुलाने, तिथे ठिकाण आणि माणसांची संख्या भरायची. स्वयंसेवक फोन करून खात्री करणार. खात्री झालेली नावं बचाव यंत्रणेकडे जाणार. दुसऱ्या टोकाला मच्छीमार होते. आपल्या होड्या ट्रकवर चढवून ते पूरग्रस्त गावांत पोहोचले होते. फेसबुकवरची हाक आणि दारात येणारी होडी यांच्या मधली कडी इथे पहिल्यांदा नीट जुळली, कारण सरकारने त्या मुलांना हुसकावलं नाही, जवळ घेतलं.

पुढच्याच वर्षी कृष्णा आणि पंचगंगेने कोल्हापूर-सांगलीला वेढलं, तेव्हा आपल्याकडे मायेला तोटा नव्हता. पुण्या-मुंबईतून ट्रकच्या ट्रक निघाले. फोटो पडले, लाइव्ह झाले. पण कोणत्या गावाला काय हवंय याची एक यादी एका ठिकाणी नव्हती. मग व्हायचं ते झालं. हमरस्त्यालगतच्या गावांत कपड्यांचे ढीग लागले आणि आतल्या वस्त्या वाट बघत राहिल्या. सरकारी धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले गेले आणि त्यावरून राळ उडाली. राळ उडवणं याच सोशल मीडियाला जमलं, एवढी एक जमेची बाजू.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि प्रसिद्ध माणसाचा फोन हीच जणू एक सरकारी खिडकी झाली. सोनू सूदने मे महिन्यात मजुरांसाठी बस सोडायला सुरुवात केली. पहिल्या बस मुंबई-ठाण्याकडून कर्नाटकाकडे निघाल्या, मग बिहार, उत्तर प्रदेश अशी यादी वाढत गेली. त्याने जे केलं ते करायची ऐपत असलेले बाकीचे शेकडो लोक घरात डालगोना कॉफी घुसळत होते, हे विसरून चालणार नाही. पण त्या पहिल्या बस निघण्याच्या तीनच दिवस आधी, ८ मे रोजी, जालन्याहून रुळांवरून गावाकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. प्रवासाच्या पाससाठी आपण अर्ज केले होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं. अर्जाला उत्तर मिळण्याच्या रांगेत जो सगळ्यात मागे असतो, तो टॅग करण्याच्या रांगेतही सगळ्यात मागेच असतो. या साधनाची ही मर्यादा पुढे वर्षभराने आणखी ठळक झाली.

१८ एप्रिल २०२१ ला राज्यात एका दिवसात कोरोनाचे ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडले. २१ तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन रुग्ण दगावले, २३ ला विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. त्या आठवड्यांत प्रत्येकाच्या फोनवर एकाच साच्यातले संदेश येत होते. रुग्णाचं वय, ऑक्सिजन ८२, रक्तगट बी पॉझिटिव्ह, व्हेंटिलेटर बेड हवा, पुणे किंवा पिंपरी, नातेवाइकाचा नंबर. खाली 'अर्जंट' तीनदा.

हा संदेश दहा लाख लोकांपर्यंत पोहोचवणं सोपं होतं. त्यातून बेड मिळण्यासाठी कुणीतरी बसून फोन लावावे लागत. म्हणजे 'उपलब्ध' म्हणून फिरणाऱ्या यादीतला पहिला नंबर बंद, दुसरा सतत एंगेज, तिसऱ्यावर 'ते कालच संपलं', चौथ्यावर एक वैतागलेला माणूस, ज्याचा नंबर चुकून यादीत पडलाय आणि जो दोन दिवस झोपलेला नाही. पाचवा लागला तर विचारायचं: बेड ऑक्सिजनचा की नुसता? डिपॉझिट किती? पॉझिटिव्ह रिपोर्ट लागेल का? मग तक्त्यात नोंद करायची, 'व्हेरिफाइड, रात्री ११.२०'. ही वेळ लिहिणं फार महत्त्वाचं, कारण साडेबारापर्यंत ती नोंद शिळी झालेली असे. आणि काम झालं की मूळ पोस्ट काढून टाकायला सांगायचं. न काढल्यास माणूस गेल्यानंतरही त्या घरात 'बेड मिळाला का?' असे फोन येत राहत.

हे काम कॉलेजातली मुलं करत होती, घरून नोकरी करणाऱ्या बायका करत होत्या, परदेशातली मराठी मंडळी त्यांच्या दिवसा आणि आपल्या रात्री करत होती. त्यात धोकाही होता. आपला नंबर जाहीर करणाऱ्या मुलींना अश्लील संदेश आले. सिलेंडरचे पैसे आगाऊ घेऊन गायब होणारे भेटले. उत्तर प्रदेशात तर आजोबांसाठी ऑक्सिजन मागणाऱ्या तरुणावर गुन्हा दाखल झाला. अखेर ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मदत मागणाऱ्या नागरिकाचा आवाज दाबला तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल.

मोठ्या नावांपैकी ज्यांनी ही अवघड बाजू ओळखली, त्यांचा उपयोग झाला. काही लोकप्रिय कलाकारांनी आठवडेच्या आठवडे आपल्या पानावरून स्वतःचे फोटो हद्दपार केले आणि फक्त तपासलेली माहिती पुढे ढकलली. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी मे महिन्यात सात कोटींचं आवाहन केलं, आठवड्याभरात अकरा कोटींहून अधिक जमले आणि ती रक्कम ऑक्सिजनचं काम आधीच हाती घेतलेल्या संस्थेकडे गेली. नवी संस्था, नवा लोगो, नवं उद्घाटन असा घोळ त्यांनी घातला नाही. पुण्यात मराठा चेंबरच्या पुढाकाराने २०२० पासून उभ्या असलेल्या मंचाने 'मिशन वायू'खाली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणले. कुठल्या रुग्णालयाला किती लागतील याचं गणित त्यांच्याकडे आधीपासून होतं, म्हणून बाहेरून आलेली मदत गोदामात पडून राहिली नाही.

आणि जिथे ही बाजू ओळखली गेली नाही, तिथे नुसता आवाज वाढला. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातून घेतलेल्या प्लाझ्माचं उदाहरण पाहा. भारतातल्याच ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्लाझ्माचा फायदा दिसला नव्हता, आणि ते निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आले होते. तरी सहा महिन्यांनी लाखो अनुयायी असलेली खाती दिवसरात्र प्लाझ्मादाते शोधत होती. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत होते, नातेवाईक पळत होते, खाती ते पुढे पाठवत होती. १७ मे २०२१ ला उपचारांच्या अधिकृत सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला, तोवर गेलेला मौल्यवान वेळ बेड किंवा ऑक्सिजन शोधण्यात घालवता आला असता. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण 'हे खरंच लागतं का?' हे विचारण्याइतका वजनदार आवाज ज्यांच्याकडे होता, त्यांनी तो विचारायला वापरला नाही.

मुंबईने याच काळात एक वेगळा धडा घालून दिला. महापालिकेने २०२० मध्येच २४ वॉर्डांत वॉर रूम उघडून बेडचं वाटप तिथून सुरू केलं होतं. टॅग केलेल्या संदेशाला तिथे जायला एक पत्ता होता आणि ज्याच्याकडे ट्विटर नव्हतं, त्यालाही तोच नंबर फिरवता येत होता. तिथे गैरसोयी होत्याच, पण वशिला आणि फॉलोअर यांच्यावाचून उघडणारं एक दार होतं. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला या व्यवस्थेकडून शिकायला सांगितलं, ते उगाच नाही.

लाट ओसरली आणि ते तक्ते जागच्या जागी मरून गेले. त्याच वर्षी जूनमध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम लागू झाले. पैसे घेऊन शांपूची शिफारस करत असाल तर तसं सांगा, असं त्यात आहे. शांपूची हमी मागणारे आपण मदतीच्या आवाहनाबद्दल मात्र काहीच ठरवलं नाही. पुढे ट्विटरचा मालक बदलला, नाव बदललं, २०२३ मध्ये जुन्या निळ्या खुणा गेल्या आणि ती खूण विकत मिळू लागली. ज्या अंगणात आपण ही कवायत शिकलो, ते अंगण आपलं नव्हतंच.

हाताशी उरतं ते एवढंच. पुढचा पूर येईल तेव्हा ज्यांच्यामागे लाखभर माणसं आहेत त्यांनी आवाहन करण्याआधी एक फोन स्वतः लावून पाहावा, माहितीखाली वेळ लिहावी, आणि काम झालेली पोस्ट काढून टाकावी. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाने अशा वेळी उपयोगी पडतील त्या मुलामुलींची यादी पावसाळ्याआधीच करून ठेवावी आणि त्यांना बसायला खुर्ची, तपासलेली माहिती द्यायला एक माणूस द्यावा. केरळने हे पुराच्या मधोमध केलं. आपल्याला दरवर्षी जूनपर्यंतची मुदत मिळते.