पत्त्यांवरचा दरबार

पत्त्यांचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. तरीही आम्ही येथे पत्त्यांविषयीच बोलणार आहोत. खेळाविषयी नव्हे, तर पानांवरच्या चित्रांविषयी. राजा, राणी आणि गुलाम यांच्या अंगावरचे कपडे कोणाचे, हे डाव मांडताना आपण क्वचितच विचारतो. रशियातील एका कॅटाच्या बाबतीत मात्र ते विचारण्यासारखे आहे.

फेब्रुवारी १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात झार दुसरा निकोलस याने एक नृत्यसमारंभ केला. सुमारे ३९० पाहुणे सतराव्या शतकातील, म्हणजे झार अलेक्सी मिखाइलोविच (१६४५-१६७६) याच्या काळातील पोशाखात आले. जरीचे लांब अंगरखे, केसाळ कातड्याच्या टोप्या, मोत्यांनी मढवलेली शिरोभूषणे असा सारा थाट होता. वस्तुतः अलेक्सीचाच मुलगा पीटर द ग्रेट याने हा वेष दरबारातून घालवून पाश्चात्त्य कपडे सक्तीचे केले होते. दोनशे वर्षांनी त्याच घराण्याने तो पुन्हा अंगावर चढवला, पण केवळ समारंभापुरता. त्याची छायाचित्रे १९०४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली.

पुढे १९११ च्या सुमारास फ्रँकफुर्टच्या डोंडोर्फ छापखान्यात या पोशाखांवरून पत्त्यांची रेखाटने झाली आणि सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी कारखान्यात ‘रशियन शैली’ या नावाचा कॅट छापला गेला. बदामचा राजा झारच्या पोशाखाशी जुळतो. किलवरची राणी सम्राज्ञीची थोरली बहीण एलिझाबेथ हिच्या पोशाखाशी. पत्त्यांचा मक्ता सरकारी असून त्याचे उत्पन्न अनाथ बालकांच्या संगोपनाला जाई. म्हणून एक्क्यावर पिलांना भरवणाऱ्या पेलिकन पक्ष्याचा शिक्का असे.

१९१७ मध्ये राज्यक्रांती झाली. जुलै १९१८ मध्ये झार आणि एलिझाबेथ दोघेही मारले गेले. आता पत्त्यांवरचा दरबारही जाणार, असे कोणालाही वाटावे. फ्रान्समध्ये १७९३ साली तसेच झाले होते: राजाराणी काढून तेथे स्वातंत्र्य, समता अशा कल्पनांची चित्रे आली. परंतु रशियात हा कॅट सोव्हिएत राजवटीतही छापला गेला आणि कामगारांच्या घरोघरी खेळला गेला.

हे कसे घडले? आमच्या मते, पानांवर माणसांची नावे नव्हती, हे त्याचे कारण. खेळणाऱ्याला तेथे निकोलस दिसत नव्हता. दिसत होता तो जुना रशियन पोशाख, आणि तो कोणा एका घराण्याचा उरला नव्हता. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही १२० गोल पानांवर खेळणाऱ्यांनी आपली पुराणे पिढ्यान्‌पिढ्या हाताळली. इतिहास ग्रंथांत राहतो, तसा तो खेळताना झिजलेल्या पानांवरही राहतो. तेव्हा यापुढे पाने वाटून झाली की हुकूम ठरवण्यापूर्वी क्षणभर चित्रांकडेही पाहावे, एवढीच आमची विनंती.